लेखणी अडते तेव्हा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान, स्मरणिकेसाठी किंचित आटोपशीर करून)



आजच्या सभेत चार शब्द बोलण्याचा मान मंडळाने मजसारख्या एका सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षकास दिला, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. त्यापुढे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि उभे आयुष्य खडू-फळ्याच्या सहवासात काढले. तेव्हा विद्वत्ताप्रचुर विवेचनाची अपेक्षा आपण माझ्याकडून करणार नाही, असा मला भरवसा आहे. मी ग्रंथकार नाही. परंतु लिहावयास बसलेल्या माणसाचे अडणे मात्र मी जितके जवळून पाहिले आहे, तितके फारच थोड्यांनी पाहिले असेल; कारण वर्गात चाळीस मुले एकाच वेळी अडलेली असत!

हा विषय निवडण्यास निमित्त आपल्या स्मरणिकेचेच झाले. दरवर्षी श्रावणाच्या सुमारास संपादक मंडळ घरोघरी विनंतिपत्र पाठविते. घराण्याची माहिती, वडीलधाऱ्यांच्या आठवणी, व्यवसायातील अनुभव, जे सुचेल ते दोन पाने लिहून पाठवावे, अशी ती विनंती असते. पुढे दिवाळी येते आणि दिवाळी जाते. जाहिराती येतात, विवाहेच्छूंची माहिती येते, गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे येतात. लेख मात्र येत नाहीत. संपादक महाशय एखाद्या लग्नात कोणास गाठून विचारतात, तर उत्तर ठरलेले: “गुरुजी, कागद घेऊन बसलो होतो, पण काही सुचेच ना.” आणि हे उत्तर देणारा गृहस्थ कोण? तर ज्याने त्याच लग्नाच्या पंगतीत, १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडून घर कसे जगविले, याची हकीकत अर्धा तास सांगून साऱ्या पंगतीस जेवणाचा विसर पाडला होता! जी गोष्ट जिभेवर इतकी सुखाने नांदते, ती लेखणीच्या टोकाशी येऊन का थबकते? हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळीत आला आहे.

पाश्चात्त्य देशांत या अवस्थेस स्वतंत्र नाव आहे. मूळचे व्हिएन्नाचे व पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झालेले मनोविश्लेषक एडमंड बर्गलर यांनी गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात ते नाव रूढ केले आणि लेखकाच्या बालपणीच्या मानसिक गुंतागुंतीत त्याचे मूळ शोधले. मोठ्या लेखकांच्या बाबतीत तसे असेलही. आपल्या घरातील माणसाचे दुखणे मला तितके खोल वाटत नाही. त्याला लिहिता येत नाही, असे नाही. त्याला ‘चांगले’ लिहावयाचे असते, आणि तेही पहिल्याच ओळीपासून! बोलताना तो जे शब्द वापरतो, ते कागदावर मांडण्याची त्याला लाज वाटते, आणि पुस्तकातले शब्द वेळेवर हाताशी येत नाहीत. या दोहोंच्या मध्ये लेखणी लोंबकळत राहते.

ही लाज कोठे उत्पन्न होते, हे एक शिक्षक या नात्याने मला सांगितलेच पाहिजे. वऱ्हाडातील मूल घरी “माह्या बाप वावरात गेला” असे म्हणते. तेच वाक्य ते वहीत लिहिते आणि त्यावर लाल शाईची रेघ येते. प्रमाण मराठी मुलास आली पाहिजे, याविषयी माझे दुमत नाही. ती शिकविण्यासाठीच आमचा पगार होता. परंतु लाल रेघ केव्हा ओढावी, यास काही काळवेळ आहे. मूल सांगावयास प्रारंभ करते त्याच क्षणी जर रेघ आली, तर ते सांगणेच सोडून देते; आणि पुढे साठ वर्षांचा आजोबा झाला तरी कागद समोर येताच त्याला ती रेघ दिसू लागते. मी निबंधाच्या वह्या दोनदा पाहत असे. पहिल्या वेळी केवळ वाचावयाचे आणि “मग पुढे काय झाले?” एवढेच समासात लिहावयाचे. शुद्धलेखन दुसऱ्या वेळी. यात वेळ दुप्पट जाई हे खरे, परंतु मुले लिहिती होत.

सातवीच्या वर्गातील एका मुलाची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. निबंधाचा विषय होता ‘पावसाळ्यातील एक दिवस’. इतर मुलांनी मार्गदर्शक पुस्तकातील काळे ढग, नाचणारे मोर आणि इंद्रधनुष्य आपापल्या वहीत उतरवून घेतले. आमच्या त्या गावाच्या शिवारात मोर मी तरी पाहिला नव्हता! हा मुलगा कोरी वही घेऊन बसला. त्यास जवळ बोलावून विचारले, तर म्हणाला, “गुरुजी, आमच्याकडं पाऊस आलाच नाही तं काय लिहू?” मग त्याने सांगितले की, मृगाच्या पहिल्या सरीवर बापाने तिफण जुंपली, आई मागून सरत्यातून तुरीचे दाणे सोडीत चालली, अंकुर वर आले आणि पावसाने जी दडी मारली ती तीन आठवडे. अंकुर करपले. बाप बियाणाच्या उधारीसाठी मूर्तिजापूरला गेला, दोन दिवस आलाच नाही, आणि आई त्या दोन दिवसांत कोणाशी बोलली नाही. हे सांगावयास त्याला तीन मिनिटेही लागली नसतील. मी म्हटले, “जा, जसे सांगितलेस तसेच आणि त्याच क्रमाने लिही.” त्याचे पहिले वाक्य मला अजून पाठ आहे: ‘आमच्या घरी यंदा दोनदा पेरणी झाली.’ कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात असे वाक्य मला आढळलेले नाही.

बोलीची लाज बाळगण्याचे आपल्या प्रांतास तर मुळीच कारण नाही. श्रीसंत गाडगेबाबा हे अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. त्यांना अक्षरओळख ती किती! परंतु त्यांची कीर्तने ऐकावयास हजारोंचा समुदाय लोटे, आणि ती वऱ्हाडी बोलीत असत. त्यांची एक लकब ध्यानात घेण्यासारखी आहे. ते उपदेश करीत बसत नसत. समोरच्यास प्रश्न विचारीत, उत्तर येईपर्यंत थांबत, आणि त्या उत्तरातून पुढचे वाक्य काढीत. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. तीतील कौतिक ही कष्टाळू स्त्री आणि तिच्या भोवतालची माणसे वऱ्हाडीच बोलतात, आणि म्हणूनच ती माणसे खरी वाटतात. ती कादंबरी मराठीतील श्रेष्ठ कादंबऱ्यांत गणली जाते. तेव्हा पहिला खर्डा आपल्या घरच्या बोलीत लिहावा. छापण्यापूर्वी त्यावर हात फिरवावयास संपादक आहेत, आणि आम्ही निवृत्त मास्तर मंडळी तर रिकामीच आहोत.

आता मी आपणांस थोडे दूरच्या काळात, पण अगदी जवळच्या गावी नेऊ इच्छितो. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गाव आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तेथे आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. ते तेथेच का, याचे कारण सातशे वर्षांपूर्वीचे आहे. श्रीचक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांचा शिष्यपरिवार रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिला. त्यांत नागदेवाचार्य होते, तसेच म्हाइंभट होते. म्हाइंभट हे मोठे शास्त्रज्ञ पंडित. स्वामींशी वाद घालावयास म्हणून आलेले आणि शिष्य होऊन राहिलेले. नागदेवाचार्य एकांतात बसून स्वामींच्या लीळा मनाशी आठवीत असत. आपण करता तरी काय, असे म्हाइंभटांनी त्यांस विचारले आणि ते स्मरण आहे असे कळताच, या लीळा लिहून ठेवाव्यात, असे सुचविले. नागदेवाचार्य सांगत आणि म्हाइंभट लिहून घेत. जी लीळा नागदेवाचार्यांच्या समक्ष घडली नव्हती, ती ज्याच्या समक्ष घडली त्याच्याकडे म्हाइंभट स्वतः जात आणि विचारून घेत. अशा रीतीने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ सिद्ध झाला.

या ग्रंथाचे वाङ्मयीन मोल सांगण्याचा अधिकार माझा नाही. मला त्यातील लिहिण्याची रीत तेवढी आपणांपुढे ठेवावयाची आहे. म्हाइंभटांसारखा पंडित, संस्कृतात ग्रंथ रचण्याची योग्यता असलेला माणूस. त्याने ठरविले असते तर पहिल्या पानावर उपमा-अलंकारांची आरास मांडली असती, आणि माझी खात्री आहे की तेथेच अडकून पडला असता. त्याने तसे केले नाही. त्याने विचारले, ऐकले आणि लिहिले. सबंध चरित्राचा डोंगर एकदम उचलला नाही. एक लीळा, मग दुसरी लीळा. कित्येक लीळा चार-सहा ओळींच्या आहेत. कोण कोठे बसले होते, कोणी काय खाल्ले, कोणी काय विचारले, स्वामी काय म्हणाले, इतकेच. वाक्ये लहान, क्रियापदे साधी. आणि दोघांच्या सांगण्यात अंतर पडले, तर ते अंतर नोंदून ठेवण्याची चालही महानुभाव वाङ्मयात आढळते. ‘नक्की कसे झाले ते आठवत नाही’ म्हणून लिहिणे थांबविणाऱ्या आपल्या मंडळींनी हे अवश्य ध्यानात घ्यावे. काका म्हणतात विहीर पणजोबांनी खणली, आत्या म्हणते ती विकत घेतली. दोन्ही लिहा, आणि कोण काय म्हणाले तेही लिहा.

पुढे परचक्राच्या धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी नष्ट झाली, अशी परंपरा सांगते. परंतु ज्यांना ती मुखोद्गत होती अशा शिष्यांनी ती पुन्हा लिहून काढली. आता सांगा, आपल्या घरची पोथी कोणास मुखोद्गत आहे?

अमरावतीकरांस दुसरे उदाहरण त्यांच्या शहरातीलच देतो. कै. दादासाहेब खापर्डे, म्हणजे गणेश श्रीकृष्ण खापर्डे, हे लोकमान्यांचे निकटचे सहकारी आणि वऱ्हाडातील नामांकित वकील. लोकमान्यांना १९०८ साली शिक्षा झाल्यावर त्यांच्या सुटकेच्या खटपटीसाठी हे विलायतेस गेले आणि १९१० मध्ये परतले. अशा धकाधकीच्या आयुष्यात या गृहस्थाने वर्षानुवर्षे नित्यनेमाने रोजनिशी लिहिली. ती इंग्रजीत आहे. १९११ च्या डिसेंबरापासून काही महिने ते शिर्डीस श्रीसाईबाबांपाशी राहिले होते. त्या दिवसांची नोंद पुढे स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली असून कोणासही वाचता येईल. तीत काय आहे? पहाटे उठलो, प्रार्थना केली, अमुक भेटावयास आले, बाबांचे दर्शन झाले, ते अमुक म्हणाले, रात्री भजन झाले. दिवसामागून दिवस थोड्याफार फरकाने हेच! साहित्य म्हणून पाहू जाल तर रुक्ष. परंतु आज त्या काळच्या शिर्डीविषयी कोणी अभ्यास करू लागला, तर त्याला या रुक्ष पानांवाचून गत्यंतर नाही. कारण आठवणीतून मागाहून रचलेली वर्णने पुष्कळ आहेत, त्याच रात्री लिहिलेली फार थोडी.

दादासाहेबांपासून घेण्यासारखे आहे ते हे की, आज लिहिण्याजोगे काही घडले काय, हा प्रश्नच त्यांनी स्वतःस विचारला नसावा. दिवस संपला की लिहावयाचे. ज्याप्रमाणे संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना ‘आज दिवा लावण्याजोगे काही झाले का?’ असे आपल्या घरातील सुवासिनी विचारीत नाही, त्याप्रमाणेच हे. स्फूर्ती आली म्हणजे लिहू, असे म्हणणाऱ्यास ती बहुधा येत नाही. आणि आलीच तर त्या वेळी घरात कागद सापडत नाही!

इंग्लंडात अँथनी ट्रॉलप नावाचे एक कादंबरीकार होऊन गेले. हे पोस्टखात्यात नोकरीस होते. पहाटे साडेपाचला हे लिहावयास बसत. त्यांना उठवून कॉफी देण्यासाठी त्यांनी आपल्या जुन्या नोकरास वर्षाकाठी पाच पौंड अधिक देऊ केले होते. घड्याळ समोर ठेवून, दर पाव तासास अडीचशे शब्द, या हिशेबाने ते लिहीत, आणि मग कचेरीस जात. या रीतीने त्यांनी सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. त्यांनी ही रीत आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगून टाकली, तेव्हा लेखन म्हणजे दैवी प्रसाद मानणाऱ्या रसिकांना ती रुचली नाही, असे म्हणतात. मला ते गृहस्थ फार आवडतात. अर्थात आपणांस अडीचशे शब्दांचे काय काम? पाच ओळी पुरेत. परंतु त्या रोज, एकाच वेळी, एकाच जागी आणि एकाच वहीत असाव्यात. सुटे कागद घेऊ नयेत. सुटे कागद किराण्याच्या यादीस लागतात, असा माझा अनुभव आहे.

पाच ओळीही सुचत नसतील त्याने काय करावे? त्याने नावे लिहावीत. वाक्ये नकोत, नुसती नावे. लहानपणीच्या घरात शिरताना प्रथम काय लागे? ओसरी, उखळ, रांजण, आजोबांचा कंदील, कोपऱ्यातील पऱ्हाटीचा भारा. अशी वीस नावे झाली की त्यांतील एखादे नाव आपोआप बोलू लागते. आमच्या एका परिचित बाईंनी ‘शकुंतला’ एवढाच शब्द लिहिला होता. म्हणजे मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची आपली ती छोटी गाडी. ती आता धावत नाही. पण त्या एका शब्दामागून बाईंचे माहेर आले, डब्यातून दिसणारी पांढरीशुभ्र पऱ्हाटी आली, आणि स्टेशनावर उभे असलेले वडील आले. त्या वडिलांची मुलीस कडेवर घेण्याची तऱ्हा आली. तीन पाने झाली!

आणखी एक उपाय पत्राचा. ‘आमच्या घराण्याचा इतिहास’ असा मथळा घातला की भल्याभल्यांची बोबडी वळते. तोच मजकूर ‘चि. बाळास अनेक आशीर्वाद’ असा प्रारंभ करून लिहून पाहा. समोर कोणी ऐकणारा आहे असे वाटले की माणूस सांगू लागतो. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत लिहिली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या पुस्तकाची मांडणी पाहा: श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो. प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, १९३२ साली, धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजींची गीतेवरील प्रवचने याच साने गुरुजींनी भरभर लिहून घेतली होती. सांगणे आणि लिहिणे यांतील अंतर ज्याच्या हाताने असे तोडले आहे, त्याची लेखणी सहसा अडत नाही.

ज्यांना लिहिताच येत नाही त्यांचे काय, असा प्रश्न मागे एका सभेत एका भगिनीने केला होता. आपल्या शेजारच्या खानदेशातील बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. घरोटे फिरविताना, शेतात राबताना त्या ओव्या रचीत. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या. घरच्या माणसांनी उतरवून ठेवल्या म्हणूनच त्या ओव्या आचार्य अत्रे यांच्यापर्यंत पोहोचल्या आणि १९५२ साली पुस्तकरूपाने निघाल्या. घरात कोणी उतरवून घेणारेच नसते तर? आज तर प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. त्यात आवाज साठविता येतो, मराठीत बोललेले अक्षरांत उमटविण्याचीही सोय झाली आहे. ती जरूर वापरावी. मात्र आजीचे बोलणे चालू असताना दुसरा फोन घेऊ नये, एवढी माझी नातवंडांना विनंती आहे. म्हातारे माणूस एकदा थांबले की तोच धागा त्याला पुन्हा सापडेलच असे नाही.

लिहिताना खोडू नये. खोडाखोड दुसऱ्या दिवसासाठी ठेवावी. आणि त्या दिवसाचे लेखन संपवू नये, थांबवावे. या दोहोंत भेद आहे. अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे यांचा परिपाठ असा की, पुढे काय येणार हे ठाऊक असतानाच त्या दिवशी उठावयाचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोरे बसावे लागत नाही. आपल्या आया-आजींस हे हेमिंग्वेंच्या आधीपासून ठाऊक होते. रात्री चूल विझवीत नसत. गोवरीचा निखारा राखेखाली झाकून ठेवीत आणि पहाटे दोन फुंकरांत चूल पेटे.

याहून एक नाजूक अडचण आहे, आणि ज्ञातीच्या व्यासपीठावर ती उघड बोलणे बरे. कित्येकांची लेखणी अडते ती भाषेपायी नव्हे, तर भाऊबंदांपायी. वाटणीची भांडणे, कोर्टकचेऱ्या, कोणाचा तरी मोडलेला विवाह, सावकाराकडे गेलेले शेत. हे लिहावे तर लोक काय म्हणतील, आणि वगळावे तर लिहिण्यासारखे उरते काय? मग माणूस विशेषणांचा आश्रय घेतो. आपल्या स्मरणिकेतील श्रद्धांजलीची पाने काढून पाहा. कैलासवासी झालेला प्रत्येक गृहस्थ ‘मनमिळाऊ, परोपकारी व शिस्तप्रिय’ आहे. मी असे म्हणत नाही की ते तसे नव्हते. पण नावे बदलून टाकली तर कोणाचा मजकूर कोणाचा, हे त्यांच्या मुलांनाही ओळखता येणार नाही! तेव्हा ‘परोपकारी’ हा शब्द गाळा आणि त्यांनी जिनिंगमधल्या कोणत्या मजुराच्या मुलीच्या लग्नास किती ज्वारी दिली, ते लिहा. ‘शिस्तप्रिय’ गाळा आणि ते चहा किती वाजता मागत, ते लिहा. भांडणांचे म्हणाल, तर लिहिणे आणि छापणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आज वहीत लिहावे आणि पेटीत ठेवावे. काय छापावयाचे ते दहा वर्षांनी पुढची पिढी ठरवील. परंतु आज न लिहिलेले दहा वर्षांनी कोणी ठरवू शकत नाही.

हे मी का इतक्या आग्रहाने सांगतो, ते आता सांगतो. मंडळाच्या कपाटात एक जुने छायाचित्र आहे. आपल्याच कोणत्या तरी संमेलनाचे ते आहे. मागे कापडी फलक आहे, पण घडी पडल्याने त्यावरील साल वाचता येत नाही. तीन रांगांत मिळून बावीस माणसे आहेत: चौदा पुरुष, सहा स्त्रिया आणि पुढे जमिनीवर बसलेली दोन मुले. छायाचित्राच्या पाठीमागे काही लिहिलेले नाही. काही वर्षांपूर्वी संपादकांनी चौकशी केली, तेव्हा ओळख पटवू शकतील अशी चार वृद्ध माणसे हयात होती. त्यांतील तिघांनी “सवडीने लिहून देतो” असे सांगितले. मनापासूनच सांगितले असणार. तिघेही आज आपल्यात नाहीत. आजमितीस या बावीसांपैकी चौघांची नावे आपणांस ठाऊक होती.

‘होती’ म्हणतो, कारण गेल्या महिन्यात चौथ्या आजींकडे मी स्वतः ते छायाचित्र घेऊन गेलो. वय नव्वदीच्या घरात. प्रथम म्हणाल्या, “मले आता काही आठवत नाही, मास्तर.” मी आठवा असे म्हटलेच नाही. मी नुसते एकेका माणसावर बोट ठेवून, याने काय घातले आहे, असे विचारीत गेलो. दुसऱ्या रांगेतील एकाच्या कोटावर त्या थांबल्या. “हा कोट याचा नव्हे, माह्या दिराचा आहे; फोटोपुरता मागून नेला आन् परत देला नाही,” म्हणाल्या. कोटावरून माणसाचे नाव निघाले, नावावरून गाव निघाले, आणि त्याच्या शेजारी उभी असलेली बाई त्याची बहीण, हेही निघाले. समोरच्या दोन मुलांपैकी डावीकडचे मूल पुढच्याच वर्षी तापाने गेले, हे त्यांनी फार हळू सांगितले. त्या मुलाचे नाव सांगणारे दुसरे कोणी आता उरलेले नाही. मी ते त्याच वेळी, त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घेतले. अर्ध्या तासात चौघांची सात नावे झाली.

त्या छायाचित्राची मोठी प्रत आज चहाच्या व्यवस्थेशेजारील मेजावर ठेवलेली आहे. तिच्यावर पातळ कागद लावून प्रत्येक आकृतीस क्रमांक दिले आहेत. बाजूस एक वही व दोन पेन्सिली आहेत. ज्यांना कोणाचा चेहरा, पगडी, कोट, लुगड्याचा काठ, काहीही ओळखीचे वाटेल, त्यांनी क्रमांक घालून वहीत लिहावे. वऱ्हाडीत लिहावे, चुकले तर खोडू नये, संशय असल्यास ‘संशय’ म्हणून लिहावे. आजी स्वतः येथे आलेल्या आहेत. पहिल्या रांगेत उजव्या बाजूस बसल्या आहेत. त्यांना पाचच्या बसने मूर्तिजापूरला परत जावयाचे आहे आणि आता सव्वाचार होत आले आहेत, म्हणून मी येथेच थांबतो.